जिमखान्याचा कारभार हाती आलाय, आधी काय धरू?

प्रश्न थोडक्यात असा. जिल्ह्याच्या ठिकाणचा जुना जिमखाना, सभासद नऊशेच्या आसपास. टेनिस, बॅडमिंटन, बिलियर्ड्सचं टेबल, परमिट रूम, पत्त्यांची खोली आणि मागे मोठं लॉन. पगारी मॅनेजर नोकरी सोडून गेलाय, वर्गणी कित्येक वर्षांत वाढलेली नाही, सभासदांच्या चिटांची (सही करून उधार घेतल्याच्या चिठ्ठ्यांची) उधारी डोक्यावर आहे, बारचा हिशोब जुळत नाही. लॉन लग्नांना भाड्याने द्या असा काहींचा आग्रह आहे. त्यात बिलियर्ड्स रूममध्ये दोन सभासदांची हातघाई झाली. नव्याने निवडून आलेले मानद चिटणीस विचारतात, आधी काय हातात घेऊ? आणि जाता जाता, कुर्ता आणि कोल्हापुरी चपलेवर सभासदांना आत येऊ द्यावं का?

मी पगारी क्लब सेक्रेटरी म्हणून नोकरी केली, आधी मुंबईत, मग पुण्याकडे. हॉटेलातून क्लबात आलेल्या माणसाला पहिलं वर्ष जड जातं, कारण हॉटेलात गिऱ्हाईक फक्त गिऱ्हाईक असतं. क्लबात सूप गार आहे म्हणून ओरडणारा माणूस तुमचा मालक असतो, मतदार असतो आणि बऱ्याचदा तुमच्या अध्यक्षांचा व्याहीसुद्धा. त्यामुळे इथे कुठलाही निर्णय माणूस बघून घेतलात की तो फसतो. माझा एकच आग्रह आहे: नियम करायचा तो कोणाचंही नाव डोळ्यांसमोर नसताना करायचा, लिहून ठेवायचा, आणि नाव समोर आलं की फक्त वाचून दाखवायचा. तुमच्या यादीतल्या प्रत्येक भानगडीच्या मुळाशी एकच गोष्ट दिसेल: कधीतरी कोणाला तरी तोंडी सूट दिली गेली.

पण नियमांच्याही आधी कागद. पहिल्या आठवड्यात बार, किचन काही बघू नका, कपाट उघडा. महाराष्ट्रातले बहुतेक जुने जिमखाने १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि सोबतच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले असतात. काही क्लब कंपनी कायद्याखाली आहेत, त्यांचं गणित वेगळं. तुमचा जिमखाना ट्रस्ट म्हणून नोंदलेला असेल, तर निवडणूक झाली की बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात, तो नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात दाखल व्हायला हवा. मागच्या दोन-तीन कमिट्यांचे चेंज रिपोर्ट प्रलंबित असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीच्या उताऱ्यावर, अजून अशा लोकांची नावं असतात, ज्यांचे फोटो हार घालून तुमच्या हॉलमध्ये लागलेत. तोवर सगळं सुरळीत वाटतं. एखाद्या वर्षी निवडणूक वादात सापडली, की विरोधी गट तोच उतारा घेऊन बँकेत जातो आणि खातं गोठतं. पगार अडले की मग वकिलाची धावपळ. आधी तो उतारा काढा.

दुसरा कागद जमिनीचा. मिळकत पत्रिका काढा, भाडेपट्टा शोधा. जमीन शासनाची असेल तर मुदत कधी संपते, नूतनीकरणाचा अर्ज कोणी केला होता का, आणि वापर कशासाठी लिहिलाय, हे तीन मुद्दे एका पानावर लिहून कमिटीपुढे ठेवा. ‘क्रीडा व मनोरंजन’ असं लिहिलं असेल, तर लॉनच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. शर्तभंगाची नोटीस आली की मग तो शर्तभंग कोणाच्या काळात झाला याला काही अर्थ उरत नाही, उत्तर विद्यमान चिटणिसाने द्यायचं असतं.

आता पैसा. जिमखान्याचे लोक नफा-तोटा एकाच आकड्यात बघतात, आणि तिथेच फसतात. वार्षिक हिशोबात शिल्लक दिसते, सगळे टाळ्या वाजवतात. आत जाऊन बघावं तर त्या वर्षी चाळीस नवे सभासद घेतलेले असतात आणि त्यांच्या प्रवेश फीतून पगार भागवलेले असतात. प्रवेश फी हे भांडवल आहे. त्यातून छप्पर, कोर्ट, जनरेटर, ड्रेनेज करायचं. पगार, वीज, मालमत्ता कर, माळी, वॉचमन हा रोजचा खर्च वर्गणीतूनच निघाला पाहिजे. समजा महिन्याचा असा ठरलेला खर्च साडेचार लाख आहे आणि वर्गणी भरणारे सभासद साडेसातशे, तर माणशी सहाशे रुपये ही तुमची तळाची वर्गणी. तुम्ही दोनशे घेत असाल तर उरलेले चारशे कोण देतंय? बारमध्ये बसणारे साठ-सत्तर लोक देताहेत. मग ते साठ-सत्तर लोक क्लब आपलाच समजू लागतात, आणि त्यांची काही चूक नाही.

आजीव सभासदांची मोजणी वेगळी करा. मागे कधीतरी एकरकमी थोडे पैसे घेऊन आजीव सभासद केले गेले, तेव्हा छप्परदुरुस्ती झाली असेल, पण त्यांचा खर्च आता बाकीच्यांच्या वर्गणीतून चालतो. त्यांचा हक्क काढता येत नाही. पण टेनिस, जिम, लॉकर अशा सोयींचं शुल्क सगळ्यांना सारखं लावता येतं. वर्गणीवाढ सर्वसाधारण सभेत आणताना एकदम तिप्पट मागू नका. दर वर्षी ठरलेल्या टक्क्याने आपोआप वाढ, असा ठराव एकदाच मंजूर करून घ्या. मग दर वर्षी त्यावर भांडण होत नाही.

कराचं दोन परिच्छेदांत सांगतो, बाकी तुमच्या सीएला विचारा. क्लब आणि सभासद हे एकच, स्वतःचा स्वतःशी धंदा होत नाही, हे तत्त्व म्हणजे म्युच्युअलिटी. त्याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये कलकत्ता क्लबच्या खटल्यात क्लबांच्या बाजूने निकाल दिला होता. पण २०२१ च्या वित्त कायद्याने जीएसटी कायद्यात कलम ७(१)(एए) घातलं, क्लब आणि सभासद वेगळे मानले, आणि तेही १ जुलै २०१७ पासून. केरळ उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली आहे. म्हणून आपणही उद्यापासून जीएसटी बंद करू, असं एखादा उत्साही सभासद सभेत उठून म्हणेल. करू नका. उलाढाल मर्यादेच्या वर असेल तर वर्गणीवर जीएसटी गोळा करत राहा आणि भरत राहा. पुढे परतावा मिळण्याची आशा करता येते, व्याज-दंडासकट मागची वसुली आली तर नऊशे जणांच्या मागे कोण फिरणार?

प्राप्तिकरात सभासदांकडून आलेला पैसा या तत्त्वामुळे सुटतो, पण मुदत ठेवींवरचं व्याज सुटत नाही. बंगलोर क्लबने ज्या बँकांत ठेवी ठेवल्या होत्या त्या क्लबच्या कॉर्पोरेट सभासद होत्या, तरी १४ जानेवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते व्याज करपात्र धरलं. जुन्या खजिनदारांच्या डोक्यात हे अजून शिरलेलं नसतं. ठेवी असतील तर मागच्या विवरणपत्रांत व्याज कुठे दाखवलंय ते तपासा.

उधारी. माझा अनुभव असा की थकबाकी नेहमी ऐपतदार लोकांची असते. ज्याला खरोखर अडचण असते तो सभासद क्लबात यायचाच थांबतो. चिटवर सही करून जायची पद्धत मोडणं अवघड आहे, आणि मोडूही नये, ती क्लबाची ओळख आहे. पण प्रत्येक सभासदाची उधारीची मर्यादा त्याच्या अनामत रकमेएवढी ठेवा. मर्यादा ओलांडली की संगणकच नवीन चिट काढणार नाही, अशी व्यवस्था करा. ‘साहेब, सिस्टीम घेत नाही’ हे वाक्य स्टुअर्डला म्हणता येतं. ‘साहेब, तुमचे पैसे बाकी आहेत’ हे त्या बिचाऱ्याला कधीच म्हणता येत नाही. महिन्याच्या पाच तारखेला बिल, तीस दिवसांनी स्मरणपत्र, साठ दिवसांनी सुविधा बंद, नव्वद दिवसांनी नाव नोटीस बोर्डावर. पोटनियमांत हे असेल तरच करा, नसेल तर आधी दुरुस्ती. अध्यक्षांचं नाव पहिल्याच यादीत आलं तर तेही लावा. मग दुसऱ्या महिन्याची यादी फार छोटी होते.

जुन्या येण्यांचा एक धोका लक्षात ठेवा. तीन वर्षांपलीकडच्या रकमेसाठी दावा लावायला मुदत कायदा आडवा येतो. सभासदाने बाकी मान्य केल्याची सही मुदत संपण्याआधी मिळाली तर नव्याने मुदत मिळते. म्हणून दर मार्चअखेर प्रत्येकाकडून बाकीच्या रकमेवर सही घ्यायची. आणि सभासद वारला असेल तर तेराव्याच्या आत बिल घरी जाणार नाही एवढं पाहा. बिलं संगणक पाठवतो, हे वहिनींना सांगून उपयोग नसतो.

बार. इथे जरा थांबतो, कारण जिमखान्याची गळती नव्वद टक्के इथेच असते असं सगळे म्हणतात, पण ती नेमकी कुठून होते हे फार कमी कमिट्या बघतात. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे पंचवीस पेग. थोडी सांडलवंड धरून चोवीस विकले गेले पाहिजेत. रात्री बंद करताना बारमन उघड्या बाटल्या डोळ्याने बघून ‘पाव’, ‘अर्धी’ असं लिहितो, आणि तिथेच खेळ होतो. पाचशे-सातशे रुपयांचा किचनचा डिजिटल काटा आणा. प्रत्येक ब्रँडच्या रिकाम्या बाटलीचं वजन एका पुठ्ठ्यावर लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला लावा. उघडी बाटली काट्यावर ठेवा, रिकामीचं वजन वजा करा. व्हिस्कीचा ३० मिलीचा पेग साधारण २८ ते २९ ग्रॅम भरतो. बाटलीत २८५ ग्रॅम उरली असेल तर दहा पेग, म्हणजे पंधरा गेले. केओटीवर, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्यांवर, बारा दिसत असतील तर तीन पेगांचं काय झालं, हे त्याच रात्री विचारता येतं. महिनाअखेरीला विचारलं तर उत्तर ‘साहेब, सांडली असेल’ एवढंच येतं. सुरुवातीचे पंधरा दिवस हा काटा चिटणिसाने किंवा बार कमिटीच्या माणसाने स्वतः लावायचा.

पण काटा ज्याला पकडू शकत नाही ती चोरी वेगळी आहे. बारमन बाहेरच्या दुकानातून स्वतःच्या पैशाने बाटली आणतो आणि आपल्या काउंटरवरून विकतो. तुमचा साठा तंतोतंत जुळतो, विक्री मात्र कमी होत जाते, आणि कमिटी म्हणते हल्ली लोक पीत नाहीत. यावर उपाय जुनाच आहे: रिकामी बाटली परत दिल्याशिवाय स्टोअरमधून भरलेली द्यायची नाही, आणि रिकामीवरचा बॅच नंबर आपल्या खरेदीच्या पावतीशी ताडून बघायचा. न जुळणारी बाटली सापडली तर तो फक्त चोरीचा मामला राहत नाही. क्लबाचा एफएल-४, म्हणजे सभासदांना दारू देण्याचा परवाना धोक्यात येतो, कारण राज्य उत्पादन शुल्क खात्याचा निरीक्षक अशा बाटलीकडे बेकायदा साठा म्हणूनच बघतो. रजिस्टर रोजच्या रोज लिहा. त्यांची तपासणी सणाच्या आदल्या दिवशी येते, आणि ‘आज-कालचं लिहायचं राहिलंय’ हे त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं.

परवाना क्लबाचा असला तरी पिणाऱ्याकडे परमिट लागतं, हे सभासद विसरतात. महाराष्ट्रात बियर-वाइनला वय एकवीस, बाकी मद्याला पंचवीस. सभासदाचा तेवीस वर्षांचा मुलगा वडिलांच्या नावावर व्हिस्की मागतो तेव्हा स्टुअर्डची पंचाईत होते. वयाची पाटी मोठी लावा आणि स्टुअर्डने नकार दिला तर कमिटी त्याच्या मागे उभी राहील, असं पत्र त्याच्या हातात द्या. ड्राय डेच्या रात्री ‘आतल्या खोलीत, फक्त आपली माणसं’ हा आग्रह दर वर्षी होतो. त्या रात्री काउंटरला कुलूप, किल्ली चिटणिसाच्या घरी.

पत्त्यांची खोली. तुम्ही त्याबद्दल फारसं लिहिलं नाहीत, पण मला त्याचीच जास्त काळजी वाटते, कारण पोलीस बारमध्ये फार येत नाहीत, पत्त्यांच्या खोलीत येतात, आणि १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याची कलम ४ आणि ५ लावली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो असतो. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच सांगून ठेवलंय. सिकंदराबादच्या एका करमणूक क्लबावर छापा पडला होता, आंध्र प्रदेश विरुद्ध के. सत्यनारायण हा तो खटला. पडलेले पत्ते लक्षात ठेवणं, कुठला धरायचा कुठला टाकायचा हे ठरवणं यात कौशल्य लागतं, असं न्यायालय म्हणालं. तीन पत्तीचा उल्लेख मात्र निव्वळ नशिबाचा खेळ म्हणूनच झाला. क्लबाने बसण्याची फी घेतली म्हणून तो जुगाराचा अड्डा ठरत नाही, हेही त्याच निकालात आलं. पण खेळातूनच क्लब किंवा मालक नफा कमावत असेल तर गुन्हा होऊ शकतो, ही खिडकी न्यायालयाने उघडी ठेवली.

म्हणून तुमच्या खोलीत चार गोष्टी नसल्या पाहिजेत: टेबलावर रोकड, तीन पत्ती, पाहुणे, आणि डावातल्या रकमेवर टक्का. टेबलाची फी तासावर किंवा माणशी ठरलेली, पावती फाडून. डाव मोठा असो की छोटा, फी तीच. ‘पॉटमधून दहा टक्के क्लबाला’ ही पद्धत कुठल्याही निकालात बसवता येत नाही, आणि अशी पद्धत चालू असेल तर ती कमिटीच्या पुढच्या बैठकीची वाट न बघता बंद करा. खोलीत नेहमी येणाऱ्यांपैकी किती जण खरोखर सभासद आहेत ते एका शनिवारी संध्याकाळी रजिस्टर घेऊन बघून या. कार्ड रूमचा मार्कर, म्हणजे तिथली व्यवस्था बघणारा नोकर, सगळ्यांना ओळखतो. तुमच्याकडे न बघता तो कोणाला ‘साहेब, आज जरा…’ म्हणून बाहेर नेतो, त्यावरून बरंच कळतं.

लॉन. लग्नं दिली तर पैसा येतो, खोटं नाही. त्यासोबत येणारी यादीही बघा. जमिनीच्या भाडेपट्ट्यात बसतं का. बाहेरच्यांकडून आलेला पैसा म्युच्युअलिटीत बसत नाही, त्यावर प्राप्तिकर लागतो. रात्री दहानंतर स्पीकर नाही, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे, आणि वरात नेमकी साडेनऊला येते. एफएल-४ परवाना सभासदांसाठी आहे, वऱ्हाडासाठी नाही. शिवाय लग्नसराईतले सगळे शनिवार-रविवार सभासदाला गाडी लावायला जागा नसते. माझं मत: फक्त सभासद आणि त्यांच्या पहिल्या पिढीच्या नातलगांना, महिन्यातून ठरावीक दिवस, आणि बुकिंग सभासदाच्या नावावर, त्याच्याच जबाबदारीवर. एखाद्या कॅटररला वर्षभराचं लॉन देऊन टाकायचा प्रस्ताव आला तर सावध राहा. तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा करायचा असेल तर विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ‘अकरा-अकरा महिन्यांचे करार करू’ असं सुचवणारा माणूस हे कलम पुरेपूर ओळखून असतो.

बाहेरच्याशी भागीदारी करताना सभासदांचे हक्क आधी लिहून घ्यावे लागतात, याचं मोठं उदाहरण मुंबईत चर्चगेटला उभं आहे. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, कसोटी सामने भरवायची मुंबई क्रिकेट असोसिएशन, आणि भांडण तिकिटांच्या वाट्यावरून. ते मिटलं नाही, असोसिएशनने थोड्या अंतरावर वानखेडे बांधलं आणि १९७५ पासून कसोट्या तिकडे गेल्या. सीसीआय बरोबर की असोसिएशन, यावर जुने क्रिकेटवाले अजून दोन्ही बाजूंनी भांडतात.

बिलियर्ड्स रूममधली हाणामारी. इथे घाई कराल तर कोर्टात हराल. सभासदाला काढण्याच्या बाबतीतला पायाभूत निकाल आपल्या शेजारचाच आहे, बेळगावच्या लॉज व्हिक्टोरिया या फ्रीमेसन संस्थेचा. टी. पी. दावर विरुद्ध लॉज व्हिक्टोरिया, सर्वोच्च न्यायालय, १९६३ च्या निकालसंग्रहात सापडेल. त्याचं सार असं: सभासद संस्थेच्या नियमांनी बांधलेला आहे, पण संस्थेने त्याला काढायचं ते त्याच नियमांत सांगितलेल्या पद्धतीने; आणि कोर्ट तुमच्या निर्णयावर अपील ऐकत नाही, मात्र अधिकार नसताना, सद्‌भाव न ठेवता किंवा नैसर्गिक न्याय डावलून काही केलं असेल तर ते रद्द करतं. याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. क्यू, म्हणजे बिलियर्ड्सची काठी, कोणी आधी उगारला हे तुम्ही चुकीचं ठरवलंत तरी निभावतं. नोटीस कमी दिवसांची दिलीत तर निभावत नाही.

तेव्हा आजच्या आज सीसीटीव्हीचं चित्रण काढून ठेवा, ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. मार्करचा आणि तिथे असलेल्यांचा जबाब तारखेसह लिहून घ्या. दोघांनाही तक्रारीची प्रत देऊन लेखी म्हणणं मागवा, पोटनियमांत जितके दिवस आहेत तितके पूर्ण द्या. ज्या कमिटी सदस्याने तक्रार केली किंवा जो त्या वेळी तिथे होता, तो सुनावणीत निर्णय द्यायला बसणार नाही, हे इतिवृत्तात नोंदवा. दोघांची शिक्षा वेगळी ठरवलीत तर का, ते दोन ओळींत लिहा. आणि माफीनामा आला तर घ्या. बहुतेक हातघाया माफीनाम्यावर मिटतात, मिटवाव्यातही. फक्त माफीनामा तोंडी नको.

नोकरवर्ग. जिमखान्याच्या नोकरांना कमिट्या येताना आणि जाताना बघायची सवय असते. बॉयलरवाल्यापासून टेनिस मार्करपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं की तुम्ही फार तर दोन-तीन वर्षं आहात. त्यांच्यावर ओरडून काही होत नाही. त्यांचा खरा त्रास हा असतो की कमिटीतले अकरा जण अकरा हुकूम देतात. पहिल्याच बैठकीत ठराव करा: कमिटी सदस्याला बैठकीबाहेर सभासदापेक्षा जास्त कुठलाही अधिकार नाही, नोकरांना सूचना फक्त मॅनेजर देईल, तक्रार फक्त चिटणिसाकडे लेखी येईल. हा एक ठराव पाळला गेला तर तुम्हाला नवीन मॅनेजर मिळेल आणि टिकेलही. आधीचा का गेला, हे त्याला फोन करून विचाराच. पगारासाठी गेलो असं तो म्हणाला तर थोडं अजून बोलतं करा.

क्लबाला कामगार कायदे लागत नाहीत, असं अजूनही काही वडीलधारे सांगतात. साठच्या दशकात मद्रास जिमखाना आणि सीसीआयच्या खटल्यांत तसे निकाल होतेही. १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लायच्या निकालाने ते मोडीत निघाले. पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी यांचा हिशोब नीट लावा, ग्रॅच्युइटीची तरतूद दर वर्षी बाजूला काढा. नाहीतर एकाच वर्षी पाच जुने लोक निवृत्त होतात आणि ठेव मोडावी लागते. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवी. तिच्यात बाहेरच्या संस्थेची एक सदस्य लागते, अध्यक्षांच्या सौभाग्यवती चालत नाहीत. टिप बंद, त्याऐवजी दिवाळीला स्टाफ फंडाची यादी फिरवा. त्यात किचनमागे भांडी घासणाऱ्यालाही वाटा मिळतो, टिपमध्ये तो कधी मिळत नाही.

नवे सभासद घेताना सूचक आणि अनुमोदक यांना जबाबदार धरा. सूचकाने सभासद केलेल्या माणसाची पहिल्या वर्षाची थकबाकी सूचकाच्या खात्यावर, असा नियम केला की शिफारशी आपोआप कमी होतात आणि बऱ्या येतात. निवडणुकीच्या आधीच्या सहा महिन्यांत नवे मतदार सभासद घेऊ नका. दोन्ही गटांना हे पटतं, कारण पुढची निवडणूक कोण जिंकेल हे तेव्हा कोणालाच माहीत नसतं.

वार्षिक सभेबद्दल एवढंच: पोटनियमांतल्या दुरुस्त्या, वर्गणी, उधारीची मर्यादा, शिस्तीची पद्धत हे सगळं एकाच सभेत आणू नका. कोरमअभावी अर्धा तास तहकूब होऊन पंचवीस जणांत मंजूर झालेला मोठा बदल पुढे कोणीतरी आव्हान देऊन पाडतो. पहिल्या वर्षी वर्गणी आणि उधारी. शिस्त पुढच्या वर्षी. हिशोब सभेच्या चांगले पंधरा दिवस आधी सगळ्यांना पाठवा, आणि बारचा नफा वेगळ्या ओळीत दाखवा.

राहिली कोल्हापुरी. तामिळनाडूत २०१४ मध्ये वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना चेन्नईतल्या एका क्रिकेट क्लबाने दारातच अडवलं आणि त्याच वर्षी राज्याने पोशाखावरच्या बंदीविरुद्ध कायदाच केला. आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणजे तुमचे पोटनियम चालतील. माझ्या मते कुर्ता-पायजमा, धोतर, साडी, कोल्हापुरी हे सगळं मुख्य इमारतीत चालू द्या आणि तसं स्पष्ट लिहा. ‘योग्य पोशाख’ असं मोघम लिहिलंत की दारावरचा वॉचमन न्यायाधीश होतो. रबरी स्लीपर आणि गंजीफ्रॉक नको. बॅडमिंटन आणि टेनिस कोर्टवर मात्र डाग न पडणाऱ्या तळव्याचे बूटच, तिथे अध्यक्षांनाही सूट नाही, कारण कोर्टच्या पुढच्या डागडुजीची निविदा तुमच्याच सहीने निघणार आहे.